आतड्याच्या रोगावरचा स्टे

माझ्या हातून आजवर इतके अर्ज लिहिले गेले आहेत, की त्यांची गणती ठेवणे मी केव्हाच सोडून दिले. जमिनीचे नामांतरण, अडलेले पेन्शन, जन्माच्या दाखल्यातील चूक, भाऊबंदकीचे तंटे, असे सर्व काही इंदूरच्या कचेरीसमोरील माझ्या टेबलावरून गेले आणि बहुतेक योग्य ठिकाणी पोहोचले. परंतु माझ्या स्वतःच्या घरासाठी मी दोनच अर्ज लिहिले. दोन्ही माझ्या पत्नीच्या आतड्याविषयी होते. पहिला चुकला. दुसरा जसा लिहिला गेला, तसा या कचेरीच्या आवारात अन्य कोणी लिहून दाखवावा, असे मी आजही म्हणतो.

माझे शालेय शिक्षण नववीवर थांबले. दहावीच्या परीक्षेने मला दोनदा परत पाठविले, तिसऱ्यांदा मी गेलो नाही. तथापि अक्षर आणि भाषा या दोन गोष्टी केवळ शाळेतच मिळतात, असे मी मानीत नाही. माझे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते आणि पलटणीतील कित्येकांची गावाकडची पत्रे तेच लिहीत. माझा हात तिथून आला आहे. समोरच्या दुकानांत आता कॉम्प्युटरवर अर्ज निघतात, एकाच साच्याचे, नाव तेवढे बदललेले. तरीही ज्याचे प्रकरण अवघड आहे तो मनुष्य माझ्याकडे येतो आणि मला 'मुंशीजी' म्हणतो. हा मान कोणत्याही हुकमाने मिळत नसतो.

माझी पत्नी एका शाळेच्या बसवर अटेंडेंट आहे. मुलांना हात देऊन चढविणे, उतरविताना मोजणे, कोणाचा डबा, कोणाची पाण्याची बाटली, कोणाला खिडकीशी बसविले की उलटी होते, हे सर्व ध्यानात ठेवणे, असे तिचे काम. बडा गणपतीच्या बाजूने निघालेली बस जुनी इंदूरच्या गल्ल्यांच्या तोंडाशी थांबत थांबत बायपासवरील शाळेत जाते. त्या बसला ती 'माझी बस' म्हणते. पस्तीस मुले तिच्या ताब्यात असतात आणि त्यांपैकी एकालाही इतक्या वर्षांत तिने साधे खरचटू दिले नाही. आमच्या घरात मी एकटाच जबाबदारीचे काम करतो, असा माझा बरीच वर्षे समज होता. तो पुढे दुरुस्त झाला.

आजाराची सुरुवात नेमकी केव्हा झाली हे मला ठाऊक नव्हते. तिला वारंवार संडासला जावे लागते, एवढे माझ्या लक्षात आले होते. राखीच्या सुमारास तिने मला सांगितले, की थोडे रक्तही दिसते. गल्लीतील डॉक्टरांनी आवेची औषधे दिली; चार दिवस बरे वाटले, पाचव्या दिवशी पूर्ववत. एका वैद्यांनी मूळव्याध ठरविली आणि पुड्या दिल्या. मी माझ्या बुद्धीने उष्णता ठरविली आणि घरात सेव, कचोरी व आल्याचा चहा बंद केला. इंदूरमध्ये माणसाची सेव बंद करणे म्हणजे त्याला निम्मे तडीपार करण्यासारखे आहे. पोह्यांवर सेव नाही हे पाहून ती म्हणाली, "आता काय पाण्यावर ठेवता का मला? पण पाणी तर मी आपणच बंद केलंय." मी तो टोमणा समजलो आणि कचेरीत गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी बसमध्ये एक प्रसंग घडला. निम्मी मुले चढली होती. तिला राहवेना, म्हणून तिने ड्रायव्हरला पेट्रोल पंपावर बस थांबवायला सांगितली. ड्रायव्हर भला मनुष्य. त्याने इंजिन बंद केले, स्वतः बसच्या दारात उभा राहिला आणि ती येईपर्यंत कोणाला पाऊल बाहेर टाकू दिले नाही. त्याच आठवड्यात पुन्हा एकदा तसेच झाले. कुण्या मुलाच्या वडिलांनी शाळेत फोन केला. बसचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी तिला बोलाविले आणि सांगितले, "जब तक लिखकर नहीं आता कि बीमारी क्या है और आप काम कर सकती हैं, तब तक घर बैठिए. दिवाली की छुट्टी तक आपकी सीट रखूँगा, उसके बाद नहीं." मी त्यांना दोष देत नाही. प्रश्न लेकरांचा होता.

ती घरी आली. अंगातील करडा कोट काढून तिने घडी केला आणि कपाटात ठेवला. मग मला म्हणाली, "लिहून पाहिजे म्हणतात. तुम्ही लिहिता ना?"

दिवाळीला जेमतेम सहा आठवडे होते.

गल्लीतील डॉक्टरांनी आता हात टेकले आणि तुकोगंजमधील पोटाच्या आजारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. मी ठरविले, की अशा ठिकाणी रिकाम्या हाताने आणि तोंडी बोलण्यावर जायचे नाही. अर्जाच्या जाड लेजर कागदाच्या दोन पानांवर मी रोगाचे संपूर्ण निवेदन हिंदीत तयार केले. "सेवा में सविनय निवेदन है कि प्रार्थिनी विगत कुछ समय से उदर-विकार एवं तत्संबंधी असुविधा से पीड़ित है", अशी त्याची सुरुवात होती. भोजनातील अनियमितता हे कारण मी नमूद केले, शीघ्र आरोग्यलाभाचे मागणे मांडले आणि खाली माझा शिक्काही मारला.

येथे आमच्या व्यवसायातील एक तत्त्व सांगणे आवश्यक आहे, कारण चूक त्यातूनच झाली. अर्जात तक्रार एक असावी, कारण एक असावे आणि मागणे एक असावे. तीन तक्रारींचा अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलावर थांबत नाही. म्हणून पत्नीचे गुडघे दुखतात, हे ठाऊक असूनही मी वगळले. पोटाच्या डॉक्टरांकडे गुडघ्यांचा विषय म्हणजे चुकीच्या खात्यात दिलेला कागद. रक्ताचा उल्लेखही मी केला नाही. 'असुविधा' या शब्दात तो आला, असे मी मानले. बाईमाणसाच्या नावाने जाणाऱ्या कागदावर तसले शब्द घालणे मला शोभले नसते.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाने वाचली. शेवटपर्यंत वाचली, हे मी पाहिले; पुष्कळ अधिकारी तेवढेही करीत नाहीत. वाचून त्या म्हणाल्या, "हैंडराइटिंग तो बहुत सुंदर है."

मी म्हणालो, "बरसों का काम है, मैडम."

"पर इसमें बीमारी कहाँ है?"

मी पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवले. त्यांनी ते बोट पाहिले नाही. त्या माझ्या पत्नीकडे वळल्या. "आपने ये पढ़ा है? मराठी में बोलिए, मैं समझ लेती हूँ."

"नाही," पत्नी म्हणाली. "ह्यांनी लिहिलं, घडी केली, खिशात ठेवलं."

माझ्या टेबलावर एक नियम आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा, तो 'हो, हेच माझे म्हणणे' असे म्हणाला की मगच सही किंवा अंगठा. घाईत आलेल्या माणसालाही मी त्यातून सोडीत नाही. रागावून निघून गेले तरी चालेल. इतक्या वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो माझ्या घरातील मनुष्याच्या बाबतीत.

डॉक्टरीणबाईंनी खालचा शिक्का वाचला आणि पान माझ्यापुढे सरकविले. "मुंशीजी, पन्ना पलटिए. पीछे कोरा है. अब ये बोलेंगी, आप लिखेंगे. अपना एक शब्द नहीं."

पत्नीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बंद दाराकडे पाहिले आणि बोलू लागली.

"लिहा. दिवसातून आठ वेळा, कधी दहा. लिहिलं?"

"लिहिलं."

"रक्त पडतं. थोडं नाही. आव पण पडते. पोटात पीळ पडतो, जाऊन आलं की घटकाभर बरं. मग परत. कळ आली की थांबवताच येत नाही, जागेवरून उठेपर्यंत सुद्धा नाही."

"कब से?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"होळीच्या आधीपासून."

"होळीच्या?" मी म्हणालो. "तू तर मला राखीला सांगितलंस."

"तुम्ही लिहा. बोलू नका." ती पुढे सांगू लागली. "रात्री पण दोनदा-तीनदा उठावं लागतं. ब्लाउज सगळे आतून शिवून घेतले, इतकी उतरलेय. पहाटे उठल्यापासून पाणी पीत नाही, बसची फेरी होईपर्यंत पोटात काही घालत नाही. बसच्या शेवटच्या सीटखाली एक थैली आहे. तिच्यात एक सलवार आणि साबण."

माझा हात थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिखिए."

"हे कोणाला माहीत आहे घरी?" मी विचारले. खरे तर मी विचारायचे नव्हते.

"ड्रायव्हर भियांना माहीत आहे. त्यांनीच थैली ठेवायला जागा करून दिली."

मी लिहिले. 'थैली', 'सलवार' आणि 'साबुन' हे शब्द मी त्याच वळणदार अक्षरात लिहिले, ज्यात लोकांच्या मालकीहक्कांबद्दल लिहितो.

शेवटी ती म्हणाली, "आणि गुडघे. घोटे पण सुजतात. त्याला मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणते. दोन घेते."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "रोज?"

"बस रोज चढायची असते ना."

"आज से बंद. वो गोली इस आँत को और भड़का सकती है. और ये सूजन भी हो सकता है इसी बीमारी की हो." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "ये घुटनेवाली बात आपने क्यों नहीं लिखी?"

मी जे खरे होते ते सांगितले, की मला तो विषय दुसऱ्या खात्याचा वाटला. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी तो कागद फाइलमध्ये लावला, परंतु उलटा. माझी सविनय बाजू खाली आणि पत्नीची बाजू वर. आजही तो तसाच लावलेला आहे.

तपासण्या झाल्या. शौचाची तपासणी, जंतूंमुळे झालेली हगवण नाही ना हे पाहण्यासाठी. रक्ताची तपासणी, ज्यात अंगात रक्त किती कमी उरले आहे ते कळले. त्यानंतर दुर्बीण. आदल्या दिवशी आतडे धुऊन काढण्याचे औषध पाण्यातून प्यावे लागले, त्याबद्दल पत्नीचे मत मी येथे लिहू शकत नाही. दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे घेऊन तपासायला पाठविले गेले, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयही पुष्कळदा असाच भासतो आणि एका रोगाचे औषध दुसऱ्यावर चालत नाही. त्या अहवालासाठी जे दिवस गेले ते मला कोणत्याही निकालापेक्षा लांब वाटले. दिवाळी जवळ येत होती आणि कपाटातील कोट तिने एकदाही काढून पाहिला नाही.

अहवाल आला. क्षय नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कोऱ्या कागदावर मोठ्या आतड्याचे चित्र काढले, चौकटीसारखे, आणि त्याच्या डाव्या अंगापासून खालपर्यंत रेघोट्या मारल्या. इतक्या भागात आतल्या अस्तराला सूज आणि बारीक व्रण. रोगाचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. याचाच एक भाऊ आहे, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही आणि भिंतीत खोलवर शिरतो; हा तेवढा फिरस्ता नाही, मोठ्या आतड्यातच राहतो. शरीराची जी पहारेकरी शक्ती बाहेरच्या शत्रूसाठी ठेवलेली असते, ती येथे आपल्याच घरच्यांना अडवू लागते. कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही. कचोरीमुळे नाही, आल्याच्या चहामुळे नाही आणि उष्णतेमुळे तर मुळीच नाही. सेव-कचोरीवरील मनाई हुकूम त्याच क्षणी रद्द झाला, परंतु सूज उतरेपर्यंत मऊ भात, वरण, ताक यांवर राहावे आणि पुढे जे सोसते ते खावे, असे ठरले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. पत्नीने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले; तिच्या डोळ्यांपुढे पस्तीस मुले होती.

"मी बसवर जाऊ शकेन?" तिने विचारले.

"सूजन बैठ जाए तो क्यों नहीं. पर एक बात. ये बीमारी जड़ से जाती नहीं, सो जाती है. ठीक लगने लगे तब भी दवा मेरे कहे बिना बंद नहीं होगी. सबसे ज़्यादा लोग वहीं गिरते हैं."

जन्मभर गोळी, ही गोष्ट पत्नीच्या मनाला पटेना. तेव्हा मी बोललो, आणि त्या दिवशी माझ्याकडून पहिलेच उपयोगी वाक्य निघाले. मी म्हणालो, "अगं, खटला खारीज झालेला नाही, स्टे मिळालाय. स्टे मिळाला की मनुष्य निर्धास्त आपल्या घरात राहतो, चूल पेटवतो, लग्नंकार्यं करतो. फक्त तारखेला हजर राहायचं आणि स्टे वाढवून घ्यायचा. तारीख चुकली की स्टे उठतो."

"आणि रोज तारीख?"

"रोज. सकाळच्या गोळीला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. "ये तो मैं भी बोलूँगी अब," त्या म्हणाल्या. पुढे एकदा आम्ही बाहेर नंबर लावून बसलो असता आतून त्यांचा आवाज आला. त्या एका तरुण रुग्णाला समजावीत होत्या, की भैया, केस खत्म नहीं हुआ है, स्टे मिला है. नववी शिकलेल्या मनुष्याचे वाक्य तुकोगंजच्या दवाखान्यात औषधासारखे दिले जात आहे, याचा मला किती अभिमान वाटला, हे मी लपवीत नाही. पत्नीने मला कोपर मारले आणि म्हणाली, "छाती आत घ्या, शर्टाचं बटण तुटेल."

उपचार सुरू झाले. सूज उतरविण्यासाठी थोड्या काळाची जोरदार गोळी, जी पायरी पायरीने कमी करीत बंद करायची, मध्येच एकदम सोडायची नाही. आणि कायम चालणारी दुसरी गोळी. शिवाय एक औषध गुदद्वारातून, निजताना घ्यायचे, कारण सूज जिथे आहे तिथे ते थेट पोहोचते. सुरुवातीस हे तिला फार अवघड वाटले आणि मला तर त्याहून. परंतु नाव घ्यायला लाजलो, म्हणूनच दुखणे एवढे वाढले होते. म्हणून ती लाज आम्ही दोघांनी मिळून सोडली. जोरदार गोळीने तिचा चेहरा गोल झाला. "बघा," ती आरशात पाहून म्हणाली, "लोक म्हणतील मुंशीजींची बायको सुट्टीवर बसून लाडू खातेय." पण दिवसाला दहाचे आठ, मग चार झाले, आणि एके सकाळी ती नुसतीच उठली, पाणी प्यायली आणि ओट्यापाशी उभी राहून तिने दुसरा पेलाही प्यायला. मी वर्तमानपत्रामागून पाहत होतो.

दिवाळीच्या सुट्टीला पाच दिवस उरले असताना, एका दुपारी, ती माझ्या टेबलापाशी आली. समोरच्या बाकावर एक गृहस्थ नामांतरणाचे कागद मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

मी म्हणालो, "घरी लिहू की."

"घरी तुम्ही नवरा असता. इथं मुंशीजी असता. मी नंबर लावलाय. आधी ह्यांचं करा."

मी त्या गृहस्थांचे काम पुरे केले. ते उठले नाहीत; पुढे काय होते ते पाहण्याची त्यांची इच्छा स्पष्ट होती. मी नवा कागद घेतला. तिने डॉक्टरीणबाईंचा दाखला माझ्यापुढे ठेवला आणि सांगायला लागली. मी हिंदीत उतरवू लागलो. हाताला सवय असते. दुसऱ्या ओळीत हाताने आपण होऊन लिहिले, 'प्रार्थिनी अत्यंत निर्धन एवं असहाय महिला है.'

"काय लिहिलं ते वाचा," ती म्हणाली.

मी वाचले.

"असहाय कोण?"

"तसं लिहायची पद्धत आहे. साहेबांना दया यावी म्हणून."

"खोडा. असहाय बाईच्या हातात पस्तीस मुलं कोण देईल?"

बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "बात तो भाभीजी की सही है, मुंशीजी."

मी ते वाक्य खोडले. किती अर्जांत मी 'असहाय' लिहिले असेल, आणि किती जणांना त्यापायी दया मिळाली असेल पण काम मिळाले नसेल, याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागलो. आता मी अर्जदाराला आधी विचारतो, की दया हवी आहे की काम. पुष्कळांना हा प्रश्न आवडत नाही.

अर्जात तिने जे लिहविले ते असे होते. रोगाचे नाव काय आणि तो कोठे आहे. तो कोणाला लागत नाही. पूर्वी दिवसातून किती वेळा जावे लागे, रक्त पडे, आणि आता तसे नाही. औषध चालू आहे आणि चालूच राहील. मुले बसमध्ये असताना आपण बस दोनदा थांबवली, ही आपली चूक, कारण आपण आजार लपवला होता. मागणे एकच: सकाळी पहिले मूल चढण्यापूर्वी, बस रिकामी असताना, रस्त्यातील सार्वजनिक स्वच्छतागृहापाशी पाच मिनिटे थांबा मिळावा. आपल्या शहराने जागोजागी स्वच्छ संडास बांधून ठेवले आहेत आणि त्यांपैकी कोणता सकाळी सहाला उघडा असतो, हे तिच्याइतके महापालिकेलाही ठाऊक नसेल. आणि आजार पुन्हा उठला तर ती स्वतः आधी कळवील आणि त्या दिवशी बसवर चढणार नाही.

"आता वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी वाचले. बाकावर आणि बाकामागे तोवर चार माणसे झाली होती. 'खून' आणि 'संडास' हे शब्द मी कचेरीच्या फाटकासमोर, माझ्या पत्नीच्या नावाने, भर दुपारी उच्चारले आणि माझा आवाज खाली आला नाही. तिने मान डोलावली आणि सही केली.

नामांतरणवाले गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "मेरे साले का भी यही चल रहा है. बवासीर की पुड़िया खा रहा है."

"खून आ रहा है तो पुड़िया मत खिलाओ," पत्नी म्हणाली. "जाँच कराओ. और उससे पूछो कितनी बार जाता है. वो कम बताएगा."

अर्ज घेऊन ती स्वतः गेली. मी शाळेच्या फाटकाबाहेर ड्रायव्हरसोबत चहा पीत उभा होतो. त्याला मी थैलीबद्दल धन्यवाद दिले. तो म्हणाला, "क्या मुंशीजी, दीदी ने तो मेरे को कसम दी थी आपको नहीं बताने की. मेरे को लगा आपको मालूम होगा, नाटक कर रिये हो." तेवढ्यात त्याला आत बोलावणे आले.

आत काय झाले ते तिने मला नंतर सांगितले. मॅनेजरसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "ये सब आपने लिखवाया?" त्यांनी विचारले. ती म्हणाली, "हो साहेब. छुपाया था, तभी तो बस रोकनी पड़ी." त्यांनी ड्रायव्हरला विचारले, की रिकाम्या बसला पाच मिनिटे थांबा दिला तर वेळ गाठता येईल का. ड्रायव्हर म्हणाला, की दीदी नाहीत तेव्हापासून बस रोज पंधरा मिनिटे उशिरा पोहोचते, कारण नव्या बाईंना कोण कुठे बसते तेच कळत नाही. मॅनेजरसाहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहिले, की सुट्टीनंतर अनुमती. एकच अट घातली: ज्या दिवशी तब्येतीची शंका असेल, त्या दिवशी साडेपाचच्या आत फोन.

"पाँच बजे करूँगी," ती म्हणाली.

सुट्टीनंतर ती बसवर गेली. हिवाळा गेला, परीक्षा गेल्या, उन्हाळा गेला. तारखा चुकल्या नाहीत. ती डॉक्टरीणबाईंकडे ठरल्या वेळी जाते. काही वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहावे लागेल, कारण दीर्घकाळ सुजलेल्या आतड्यावर लक्ष ठेवावे लागते, हे तिने मला न भिता सांगितले आणि मी न भिता ऐकले.

पुढल्या पावसाळ्यात मात्र एका पहाटे रक्त दिसले. थोडेसेच. गोळी एकही चुकली नव्हती. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, की कधी कधी काही कारण नसतानाही हे उठते. मी तिला म्हणालो, "आजचा दिवस बघ. एकदा ताबा सोडला की परत मिळवणं कठीण असतं. मी रोज बघतो." हा सल्ला मी आयुष्यभर लोकांना दिलेला आहे आणि जमिनीच्या बाबतीत तो योग्यच आहे. ती फोन हातात घेऊन उभी होती. "ती जमीन आहे," ती म्हणाली, "ही मुलं आहेत." घड्याळात पाच वाजायला दोन मिनिटे होती. तिने फोन लावला.

पलीकडून मॅनेजरसाहेब झोपेतल्या आवाजात म्हणाले, "ठीक होकर आइए." आणि फोन ठेवला. त्या तीन शब्दांचा अर्थ काय लावावा, हे मला दिवसभर कळेना. कागदावर काही नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी शौचाची तपासणी करून औषध वाढविले. नऊ दिवस ती घरी राहिली, आणि त्या नऊ दिवसांत तिच्या जागेवर दुसरी बाई बसली. दहाव्या दिवशी सकाळी सहाला बस बडा गणपतीच्या वळणावर आली. ती बाई खाली उतरली, कोणत्या मुलाला हल्ली खोकला आहे ते पत्नीला सांगितले, आणि पत्नी वर चढली.